विडीच्या सुपापासून कादंबरीपर्यंत : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावोगावच्या साहित्य संमेलनांत, कॉलेजच्या कार्यक्रमांत आणि विडी कामगार बायकांच्या बैठकीत मला जवळपास तेच प्रश्न विचारले जातात. दर वेळी घाईघाईत अर्धवट उत्तर देते आणि घरी आल्यावर रुखरुख लागते. म्हणून सवडीनं लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, ती मी मुद्दामच तशी ठेवली आहेत.

तुम्ही लेखिका आहात की कार्यकर्त्या?

माझी आई कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या निपाणीत विड्या वळायची. दुपारी गल्लीतल्या दहा-बारा बायका एका सोप्यात सुपं मांडीवर घेऊन बसत. रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या मापानं कापायची, चिमटीनं जर्दा भरायचा, वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. हात सतत चालू, कान मात्र मोकळे. मी शाळेतून आले की मला मधे बसवून म्हणत, "वाच गं." जे असेल ते वाचायचं. कुणाचं माहेरचं पत्र, दवाखान्याचा कागद, विड्या बांधून आलेल्या रद्दीतली अर्धी गोष्ट, श्रावणात पोथी.

एकदा कारखानदाराची नोटीस आली, कन्नडमध्ये. मी शाळेत कन्नड शिकत होते, म्हणून मलाच वाचायला दिली. छाटात निघालेल्या, म्हणजे खराब म्हणून नाकारलेल्या विड्यांचे पैसे मिळणार नाहीत, असं त्यात होतं. एका मावशीनं विचारलं, "मग त्या छाटातल्या विड्या आम्हाला परत देणार काय?" नोटिशीत त्याबद्दल अक्षर नव्हतं. त्यांनी मला ती तीनदा वाचायला लावली. आदल्या दिवशी त्याच बायकांनी रद्दीतली गोष्ट तितक्याच लक्ष देऊन ऐकली होती, आणि शेवटचं पान फाटलेलं म्हणून माझ्यावर चिडल्याही होत्या.

लेखिका की कार्यकर्ती, हा प्रश्न त्या सोप्यात कुणाला पडला नव्हता. वाचणारी पोर एकच होती. पुढं मला कळलं की विडी नाकारण्यावरून होणाऱ्या वादांची दखल १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं घेतली होती. तेव्हा आम्हाला कुणी ते सांगितलं नव्हतं. मी लिहायला लागले त्यामागं ही एक मोठी सल आहे.

कथा, कादंबरी, पथनाट्य, मुलांची पुस्तकं, सदर, पत्रकं... एवढे प्रकार कशाला? एकावर लक्ष दिलं असतं तर मोठं नाव झालं असतं, असं वाटत नाही का?

हे मला समीक्षकांपेक्षा नातेवाईकच जास्त विचारतात.

जोतीराव फुल्यांकडे बघा. १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक, १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा, १८७३ मध्ये 'गुलामगिरी', १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं शिक्षणावरचं निवेदन, १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड', आणि शिवाय 'अखंड' नावाच्या पद्यरचना. नाटक, काव्य, संवाद, सरकारी आयोगापुढची कैफियत. माणूस तोच, म्हणणंही तेच. ऐकणारा बदलला की त्यांनी बाज बदलला. अण्णा भाऊ साठ्यांनी कादंबरी लिहिली, पोवाडे लिहिले, लोकनाट्यं लिहिली, रशियाचं प्रवासवर्णन लिहिलं. मराठीत ही वाट आधीपासून मळलेली आहे. मी तिच्यावरून चालते आहे एवढंच.

माझ्यापुरता हिशोब साधा आहे. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईला जेवणाची सुट्टी असते तेवढ्यात जे ऐकता येईल ते तिच्यासाठी. तिथं पंधरा मिनिटांचं पथनाट्य चालतं. तिच्या मुलीसाठी गोष्टीचं पुस्तक, मोठ्या अक्षरांचं. तहसीलदारासाठी एक पानी निवेदन, मुद्दे क्रमांकानं. आणि त्या बाईच्या तीस वर्षांच्या खोकल्यामागं कोण कोण उभं आहे हे सगळं मांडायचं असेल तर कादंबरीच लागते. तिथं मला दुसरा मार्ग सापडलेला नाही. माझ्या कादंबरीला सात वर्षं लागली. कविता मात्र मला जमत नाही.

देवदासी प्रथा कायद्यानं बंद झाली आहे. मग अजून त्यावर का लिहिता?

बंदीचा कायदा आहे आणि तो स्पष्ट आहे. मुंबई इलाख्यात १९३४ मध्येच पहिला कायदा झाला. कर्नाटकाचा समर्पण प्रतिबंधक कायदा १९८२ चा. मुलीला देवीला सोडणं हा त्यानं गुन्हा ठरवला. सोडणारे आईबाप किंवा नातलगच असतील तर शिक्षा जास्त ठेवली. आणि देवीला सोडलेल्या बाईनं लग्न केलं तर ते पूर्णपणे कायदेशीर आहे. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येक बैठकीत दोनदा सांगते, कारण पन्नाशीच्या बायकाही ते पहिल्यांदाच ऐकत असतात.

सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात आहे. डोक्यात जट झाली म्हणजे देवीनं बोलावलं, असं मानून किती मुली सोडल्या गेल्या याचा विचार केला की अंगावर काटा येतो. केस नीट धुतले-विंचरले नाहीत की गुंततात, एवढंच ते असतं. म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरी जाऊन, समजावून जट काढतात. ते काम मी जवळून पाहिलं आहे. कात्रीला दहा मिनिटं लागतात. त्याआधी घरातल्या म्हातारीशी तीन-तीन दिवस बोलावं लागतं.

प्रथा सीमा ओळखत नाही, पण योजना ओळखतात. यावर फार कमी लिहिलं गेलं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. कर्नाटकात १९९३-९४ आणि २००७-०८ अशी दोन सर्वेक्षणं झाली आणि त्यांत ४६,६६० बायकांची नोंद झाली. मासिक पेन्शन, घर, कर्ज हे सगळं त्या यादीला बांधलेलं. आता एखादी बाई चिकोडी तालुक्यातल्या गावची, पण सर्वेक्षणाच्या वेळी पोटासाठी इचलकरंजीला किंवा मुंबईला होती. तिचं नाव इथल्या यादीत नाही. महाराष्ट्रात अर्ज करावा तर तिथला रहिवास दाखला नाही. गडहिंग्लजकडून लहानपणी इकडं आलेल्या बाईचं उलटं. तिच्याकडं इथलं रेशन कार्ड आहे आणि जन्माचा कागद तिकडचा. दोन्ही राज्यांच्या टेबलांवर तिला "तिकडं विचारा" एवढंच ऐकू येतं. मी या बायकांबद्दल लिहिते. जोवर त्या रांगेत उभ्या आहेत तोवर हा विषय माझ्यासाठी संपलेला नाही.

चळवळीची जुनी नोंदही करायला हवी. १९७५ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकारानं गडहिंग्लजला देवदासींची परिषद झाली. सीमेच्या दोन्ही बाजूंना पुढं जे काम उभं राहिलं त्याची मुळं तिथं आहेत.

तुमच्या पहिल्या पथनाट्यावरून वाद झाला होता म्हणे?

वाद नव्हता, चूक होती आणि ती माझी होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आम्ही सात-आठ जणांनी यात्रेच्या वाटेवर नाटक केलं. त्यात एक जोगतीण, म्हणजे यल्लम्माला सोडलेली बाई, दाखवली होती, परडी घेऊन, भंडारा उधळत, रडत-भेकत. शेवटी एक शिकलेली मुलगी येते आणि तिचे डोळे उघडते. ती शिकलेली मुलगी मीच झाले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाजूला पाच-सहा जोगतिणी उभ्या होत्या, त्या नाटक अर्धं असतानाच निघून गेल्या. त्यांच्याबरोबरचे एक वयस्कर जोगते मात्र संपेपर्यंत थांबले. नंतर जवळ येऊन म्हणाले, "बाळ, चौंडकं असं धरत न्हाईत. आणि आमच्यातलं कुणी असं रडत न्हाई. तू आम्हाला इचारलं असतंस तर सांगितलं असतं की."

मी ते नाटक पुन्हा केलं नाही. वर्षभर त्यांच्या घरी जात राहिले. चौंडकं हे वाद्य कसं बगलेत धरतात, तुणतुण्याची तार कधी चढवतात, जोगव्याला गेल्यावर कुठल्या दारात थांबत नाहीत, हे सगळं ऐकलं. दुसरं नाटक लिहिलं त्यात डोळे उघडणारी मुलगी नाही. एक जोगतीण आपल्या पोरीचा शाळेचा फॉर्म भरते आहे आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी थांबली आहे, एवढंच आहे. ते आम्ही पुढं खूप गावांत केलं. त्या रकान्यापाशी प्रेक्षकांतून कुणीतरी हमखास बोलायचं, "येल्लम्माचं नाव घाल", "आज्ज्याचं घाल", "कशाला पाहिजे बापाचं?" आणि नाटक तिथून त्यांचं होऊन जायचं. २०२५ मध्ये कर्नाटकाच्या विधिमंडळात नवं विधेयक मंजूर झालं आणि वडिलांचं नाव देण्याच्या सक्तीतून या मुलांना सूट देण्याचा विचार त्यात आला, तेव्हा मला आठवण झाली ती प्रेक्षकांतल्या त्या बायकांची.

खऱ्या बायकांच्या आयुष्यावर लिहिता. त्यांची परवानगी घेता का?

आता घेते. सुरुवातीला घेत नव्हते.

माझी एक कथा दिवाळी अंकात आली. नाव बदललं होतं, गावाचं नावही घातलं नव्हतं. पण त्या बाईच्या घरासमोर एक अर्धवट बुजवलेली विहीर होती आणि तिच्या कडेला कढीपत्त्याचं झाड होतं, ते मी तसंच ठेवलं. लिहिताना मला ते फार सुंदर वाटलं होतं. त्या झाडावरून गावानं तिला ओळखलं. तिच्या मुलीला शाळेत पोरं चिडवू लागली. ती माझ्याकडं आली. तक्रार करायला नव्हती आली, फक्त म्हणाली, "आक्का, झाड तरी दुसरं लावायचं होतंस." मुलीला पुढं मावशीकडं ठेवून शिकवावं लागलं.

तेव्हापासून माझा नियम आहे. जिच्या आयुष्यातलं काही घेतलं असेल तिला ते लिखाण छापायच्या आधी पूर्ण वाचून दाखवते. तिच्या घरी, तिला वेळ असेल तेव्हा. ती म्हणेल ते काढते. एकदा एका मावशींनी कथेतला सगळ्यात चांगला परिच्छेद काढायला लावला. संपादकांना कथा लंगडी वाटली. मी तशीच छापली. मानधन मिळालं तर अर्धं तिचं. ही रक्कम लहान असते, पण ती हातात देताना "हे तुझ्या गोष्टीचे" असं सांगितलेलं मला महत्त्वाचं वाटतं. कुणी "छापू नको" म्हटलं तर छापत नाही. माझ्या कपाटात अशा चार कथा आहेत.

तुम्ही कर्नाटकात राहून मराठीत लिहिता. सीमाप्रश्नावर तुमची भूमिका काय?

१ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. माझा जन्म त्यानंतरचा, पण घरात ती तारीख मयताच्या तारखेसारखी पाळली जायची. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या यादीत निपाणीच्या कमलाबाई मोहिते यांचं नाव आहे. दर १७ जानेवारीला, हुतात्मा दिनी, मी अभिवादनाला जाते. ८६५ गावांची मागणी आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे आमच्यासाठी पेपरातले आकडे नाहीत. सातबारा म्हणायची सवय असलेल्या म्हाताऱ्याच्या हातात कन्नडमधला उतारा पडतो आणि आपलीच जमीन त्याला वाचता येत नाही, तेव्हा काय होतं ते मी पाहिलं आहे. जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे ठरलेलं आहे. ते पाळलं जावं म्हणून मी सह्या गोळा केल्या आहेत, निवेदनं लिहिली आहेत, पुढंही लिहीन.

आणि माझ्या शेजारी बसून विड्या वळणारी गंगव्वा कन्नड बोलायची. (नाव बदललं आहे.) छाट तिचीही तितकीच निघायची. पेन्शनच्या यादीत तिचंही नाव नव्हतं. मराठीसाठी भांडताना गंगव्वाला पलीकडं उभं करायचं, हे मला कधीच जमलं नाही. यावरून दोन्हीकडच्या लोकांनी मला सुनावलं आहे. एका कार्यक्रमात मला आधी सांगितलं गेलं की मराठीवर बोला, जोगतिणींचं नको, ते कार्यक्रमाला शोभत नाही. मी गेले नाही. ज्यांच्या तोंडी मराठी आहे त्या बायका नकोत आणि मराठी हवी, हे मला समजू शकत नाही.

तुमच्या लिखाणात बोली आणि कन्नड शब्द फार असतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळतात का?

कळतात. वाचक आपल्याला वाटतो त्यापेक्षा समजूतदार असतो. निपाणीकडची बोली कोल्हापूरच्या जवळची, बेळगावच्या भागात वेगळी, चंदगडकडं आणखी निराळी. माझ्या आईच्या वाक्यात "की" शेवटी यायचा, कन्नडच्या वळणानं. तो काढला की ती माझी आई राहत नाही. शब्दार्थांची यादी मी पुस्तकामागं देत नाही. मुलांच्या पुस्तकात तेवढी देते.

कुणाकुणाचं वाचून घडलात?

आमच्याच निपाणीत महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. ड्रायव्हर, मेस्त्री, विडी कामगार, आमच्या गल्लीतली माणसं छापील पानावर येऊ शकतात हे त्यांच्यामुळं कळलं. ते २०२४ मध्ये गेले. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांनी मला माझ्याच परिसराकडं बघायला शिकवलं. कन्नडमधली सत्तरच्या दशकातली दलित आणि बंडाय (म्हणजे बंडखोर) कविता मी उशिरा वाचली आणि हे शेजारच्या घरात चाललं होतं, आपल्याला पत्ताच नव्हता, याचं वाईट वाटलं. बसवण्णांची वचनं तर लहानपणापासून कानावर होती.

एक गोष्ट वाचनातली नाही, ऐकण्यातली. १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी बाबासाहेब निपाणीला आले होते. आमच्या वस्तीतले म्हातारे ते काल घडल्यासारखं सांगायचे. आंबेडकर आपल्या गावात बोलून गेले आहेत, हे ऐकत वाढलेल्या मुलीला लिहिण्यासाठी वेगळं कारण लागत नाही.

घर कशावर चालतं?

पुस्तकांवर नाही. एकोणीस वर्षं छापखान्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी केली. मराठीत लग्नपत्रिका आणि दशक्रियेची पत्रकं, कन्नडमध्ये पावतीपुस्तकं. शुद्धलेखन, थोडक्यात लिहिणं, एका पानात सगळं बसवणं मी तिथं शिकले. आता कन्नड-मराठी भाषांतराची कामं करते. चळवळीच्या कामाचे पैसे घेत नाही, पण भाषांतराचे पूर्ण घेते आणि नव्या मुलींनाही घ्यायला सांगते.

तुमच्या लिखाणानं काय बदललं?

कादंबरीनं काय बदललं ते मला मोजता येत नाही. विडी कामगारांच्या ओळखपत्राबद्दल चार पानांची पुस्तिका केली होती, त्याचं सांगू शकते. १९७६ च्या कल्याण निधी कायद्यामुळं ओळखपत्र असलेल्या कामगाराच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, दवाखान्याची सोय असते. आमच्या दोन गल्ल्यांत बहुतेकींकडं कार्डच नव्हतं. पुस्तिका वाचून दाखवली, अर्ज भरले, वर्षभर खेटे घातले आणि बऱ्याच जणींना कार्डं मिळाली. पुढं २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ज्या उपकरातून हा निधी उभा राहायचा तो उपकरच गेला. तेव्हा मी सदरात सलग तीन आठवडे त्यावर लिहिलं. परिणाम झाला नाही. राग आजही तसाच आहे, पुढच्या कादंबरीत तो येतो आहे.

लिहू इच्छिणाऱ्या मुलामुलींना काय सांगाल?

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा आपल्या गावांत होणाऱ्या संमेलनांना जा. ग्रंथदिंडीत चाला, मांडवात दिवसभर बसा. शेतातून थेट आलेली माणसं कवितेला मान डोलावतात, हे दृश्य बघा. आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा, आधी घरात, मग गल्लीत. जिथं ऐकणारी चुळबुळ करते तिथं पेन्सिलीनं खूण करा.

माझ्या आईचं नाव देवदासींच्या यादीत नाही / विडी कार्ड नाही. तुम्ही अर्ज लिहून द्याल का?

देईन. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो विचारताना कुणीही संकोच करू नये. येताना आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणा. विडीचं असेल तर कामाची वही किंवा ठेकेदाराच्या हातची कुठलीही चिठ्ठी आणा. यादीचं असेल तर तुमच्या आईला ओळखणाऱ्या, यादीत नाव असलेल्या दोन बायकांना बरोबर आणा आणि आईलाही आणा. अर्ज मी कन्नडमध्ये लिहीन. सही किंवा अंगठा करायच्या आधी तो मराठीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन. जुना कागद चुरगळलेला, फाटलेला असेल तर तो इस्त्री करत बसू नका, अक्षर उडतं. वहीत सपाट ठेवून तसाच आणा.